‘लान’: निळीच्या झाडाचं चिनी अक्षर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

मी चायनीज शिकते आणि घरी निळीचं रंगकामही करते, त्यामुळे दोन्हीकडची मंडळी मला या एकाच अक्षराबद्दल (सोपं रूप 蓝, जुनं रूप 藍) विचारत असतात. रंगकामवाल्यांना त्याचा अर्थ हवा असतो आणि भाषा शिकणाऱ्यांना ते लक्षात कसं ठेवायचं ते. प्रश्न तेच तेच येतात म्हणून एकदाचं सगळं नीट लिहून ठेवतेय. वही-पेन जवळ घेऊन बसा, अक्षर काढत काढत वाचलं तर जास्त कळेल.

प्र. लान म्हणजे निळा रंग ना? मग यात झाड कुठून आलं?

आजच्या चायनीजमध्ये लान म्हणजे निळाच, दुकानात निळा शर्ट मागायचा तर हाच शब्द वापरायचा. पण हे अक्षर आधी झाडाचं आहे, रंगाचं नंतर झालं. शु शन नावाच्या पंडिताने इ.स. १०० च्या सुमारास अक्षरांचा मोठा कोश तयार केला आणि १२१ मध्ये तो बादशहाकडे सादर झाला, त्यात लानचा अर्थ अगदी चार शब्दांत दिलाय: ‘छिंग रंगवायचं रोपटं’. म्हणजे रंगाचं नाव तिथे छिंग आहे (हिरव्या-निळ्याचा पट्टा, त्याबद्दल पुढे) आणि लान ही नुसती वनस्पती. त्या काळच्या माणसाला तुम्ही ‘लान आकाश’ म्हणाला असतात तर त्याला ते विचित्र वाटलं असतं, आपल्याला कुणी ‘हळद रंगाचं’ न म्हणता नुसतं ‘हळद आकाश’ म्हटलं तर वाटेल तसं.

आपल्याकडेही असं झालंच आहे की. जांभूळ हे फळ, त्यावरून जांभळा. अबोली हे फूल, तिच्यावरून अबोली रंगाची साडी. वस्तूचं नाव रंगाला चिकटतं आणि दोनतीन पिढ्यांनी वस्तू कुणाला आठवतही नाही.

पण गंमत बघा, आपल्या ‘निळा’ शब्दाचा प्रवास नेमका उलटा आहे. संस्कृतात नील हा आधी रंगच, गडद, काळपट निळा, वेदातही तो गडदपणासाठीच येतो, आणि तो रंग देणारी वनस्पती म्हणून ‘नीली’. आपल्याकडे रंगावरून झाड, चीनमध्ये झाडावरून रंग.

प्र. अक्षर दिसतं कसं? काढायचं कसं?

दोन मजले आहेत. वरच्या मजल्यावर गवताचं चिन्ह, म्हणजे एक आडवी रेघ आणि तिला छेदणाऱ्या दोन छोट्या उभ्या रेघा, जमिनीतून दोन कोंब वर आल्यासारख्या. चहा, फूल, गवत, बऱ्याचशा भाज्या, सगळ्यांच्या डोक्यावर हेच चिन्ह असतं, त्यामुळे अक्षर ओळखीचं नसलं तरी ‘हे काहीतरी झाडपाल्यातलं’ एवढं लगेच कळतं.

खालच्या मजल्यावर जे आहे ते स्वतःच एक पूर्ण अक्षर आहे, ‘ज्येन’. त्याचेही भाग पाडता येतात: डावीकडे वर डोळा, उजवीकडे वर वाकलेला माणूस, आणि तळाला भांडं. भांडं म्हणजे खाली एक लांब आडवी रेघ आणि तिच्यावर उभ्या कप्प्यांची बुटकी चौकट. जुन्या रूपात, म्हणजे तैवान-हाँगकाँगमध्ये लिहितात त्यात, डोळा पूर्ण काढतात, एक उभा चौकोन आणि आत रेघा, आणि सगळ्या मिळून १७ किंवा १८ रेघा होतात (गवताच्या ३ मोजता की ४ त्यावर). चीनमधल्या सोप्या रूपात त्या डोळ्याच्या जागी नुसत्या दोन उभ्या रेघा उरल्यात, एक आखूड एक लांब, आणि एकूण १३.

सोप्या रूपाचा क्रम: गवताच्या ३, मग त्या उभ्या २, मग उजवीकडची तिरपी, आडवी आणि टिंब अशा ३, शेवटी भांड्याच्या ५. भांड्याची तळाची लांब रेघ सगळ्यात शेवटी ओढायची आणि ती वरच्या गवताइतकी तरी रुंद पाहिजे, नाहीतर अक्षर डोकं जड झालेल्या गाठोड्यासारखं कलतं. मी चौकटीच्या वहीत पहिली दोन पानं भरली तेव्हा माझी सगळी ‘लान’ उजवीकडे पडलेली होती आणि कारण तेच होतं, भांडं अरुंद.

प्र. माणूस, डोळा, भांडं आणि वर झाडपाला… म्हणजे हा निळीच्या पिंपात वाकून बघणारा रंगारी ना?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि मला मनापासून वाटतं की याचं उत्तर नीट कळलं पाहिजे, कारण चिनी अक्षरांबद्दलचा निम्मा गैरसमज इथेच आहे.

नाही, रंगारी नाही. चित्र म्हणून ती कल्पना इतकी सुंदर आहे की सोडवत नाही, मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. पण खालचं ‘ज्येन’ इथे अर्थासाठी आलेलंच नाही, ते आवाजासाठी आलंय. शु शनच्या कोशातही स्पष्ट तसंच आहे: अर्थ गवताकडून, आवाज ज्येनकडून. बहुसंख्य चिनी अक्षरं अशीच बनलीत, एक तुकडा सांगतो की विषय कुठला आणि दुसरा सांगतो की बोलायचं साधारण कसं. लिहिणाऱ्याला ‘लान’ नावाच्या रोपट्यासाठी खूण हवी होती, त्याच्या कानाला जवळचं वाटणारं एक अक्षर आधीच हातात होतं, त्याने त्याच्या डोक्यावर गवत ठेवलं, झालं काम.

आता ज्येनचं स्वतःचं चित्र मात्र खरंच चित्र आहे. साडेतीन-तीन हजार वर्षांपूर्वीच्या हाडांवर कोरलेल्या लिखाणात ते सापडतं: एक माणूस, त्याचा डोळा मुद्दाम मोठा काढलेला, आणि समोर भांडं. तो भांड्यातल्या पाण्यात स्वतःचं तोंड बघतोय. आरसा सगळ्यांकडे नव्हता तेव्हा पाणी भरलेलं भांडं हाच आरसा. त्यावरून निरखून बघणे, लक्ष ठेवणे असे अर्थ आले, आजही ‘देखरेख’ या अर्थाच्या शब्दांत हेच अक्षर आहे, तुरुंगाच्या नावातसुद्धा. आणि त्याला धातूचं चिन्ह जोडलं की होतो आरसा.

तर माणूस आहे, वाकलेला आहे, भांड्यात बघतोय, फक्त भांड्यात नीळ नाही, साधं पाणी आहे. पाठांतरासाठी तुम्ही रंगारी डोळ्यासमोर आणलात तर बिनधास्त आणा, मीपण आणते. पण ‘प्राचीन चिनी लोकांनी रंगाऱ्याचं चित्र काढलं’ असं कुणाला सांगू नका, ते खोटं होईल.

प्र. आवाजासाठी घेतलं म्हणता, पण कुठे ‘ज्येन’ आणि कुठे ‘लान’! हे कसं जुळतं?

आज जुळत नाही, तेव्हा जुळत होतं.

मँडरिनमध्ये, म्हणजे आजच्या प्रमाण चायनीजमध्ये, गेल्या दोन-अडीच हजार वर्षांत शब्दांचे आवाज भयंकर झिजलेत. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे शब्दाच्या शेवटचा ‘म’ गेला आणि त्याचा ‘न’ झाला. हाँगकाँगकडच्या कँटोनीजमध्ये तो अजून शाबूत आहे, तिथे निळा म्हणजे ‘लाम’ आणि ज्येन म्हणजे ‘गाम’. कोरियनमध्ये ‘राम’ (शब्दाच्या सुरुवातीला ‘नाम’) आणि ‘गाम’. व्हिएतनामीत ‘लाम’. आता ‘गाम’ आणि ‘लाम’ शेजारी ठेवून म्हणून बघा, लगेच जवळ आले.

राहिला सुरुवातीचा ‘ग’ आणि ‘ल’. अभ्यासकांनी जे प्राचीन उच्चार बसवलेत त्यात ज्येन साधारण ‘क्राम’सारखा आहे आणि लानमध्येही ‘र’ आहे, म्हणजे सुरुवातीला जोडाक्षर होतं. एकीकडे त्यातला ‘क’ टिकला आणि पुढे ‘ज्य’ झाला, दुसरीकडे ‘र’ टिकला आणि त्याचा ‘ल’ झाला. आणि यातलं मला सगळ्यात आवडणारं म्हणजे थाई भाषेत नीळ या वनस्पतीला आजही ‘ख्राम’ म्हणतात! क, र, म, तिन्ही जागच्या जागी. चिनी लान आणि थाई ख्राम हे जुने नातलग शब्द मानले जातात.

ज्येनच्या घरातली बाकीची भावंडं पण अशीच दोन गटांत आहेत. टोपली ‘लान’, पूर येऊन वाहणं ‘लान’ (सूर, म्हणजे उच्चारातला चढउतार, वेगळा), नजर टाकणं ‘लान’, आणि युद्धनौका ‘ज्येन’, आरसा ‘ज्येन’. काहींनी ल घेतला, काहींनी ज.

प्र. संस्कृतशी काही संबंध आहे का?

अर्थाने नाही, आवाजाने आहे, आणि तो आपल्यापर्यंत येऊन पोचतो.

बौद्ध ग्रंथ चीनमध्ये गेले तेव्हा संस्कृत शब्द लिहायला भाषांतरकारांनी चिनी अक्षरं नुसती आवाजासाठी वापरली. ‘संघाराम’ म्हणजे भिक्खूंचा विहार, तो लिहिताना ‘राम’साठी त्यांनी कुठलं अक्षर घेतलं? हेच, निळीचं! कारण तेव्हा ते ‘लाम’ असं ऐकू यायचं आणि र नसल्यामुळे ल चालवून घेतला. पुढे संघारामातला पहिला तुकडा गळून ‘छिये-लान’ राहिलं, जपानीत त्याचं ‘गारान’ झालं, आजही जपानमध्ये देवळाच्या आवारातल्या मुख्य इमारतींना गारान म्हणतात. बुद्धाचं जन्मस्थान लुंबिनी, त्याच्या चिनी नावातही पहिलं अक्षर हेच आहे, लान-फी-नी.

आणि आता महाराष्ट्र. शाळेच्या पुस्तकातला ह्युएन त्संग आठवतो ना, तो सातव्या शतकात, साधारण ६४१ च्या आसपास इथे आला, तेव्हा चालुक्य राजा दुसरा पुलकेशी गादीवर होता. ६४६ मध्ये पूर्ण झालेल्या त्याच्या प्रवासवर्णनात महाराष्ट्रावर एक मजकूर आहे, त्यात तो लिहितो की इथे शंभरावर संघाराम आहेत आणि पाच हजारांवर भिक्खू. पूर्वेकडच्या डोंगरात कोरलेल्या एका मोठ्या संघारामाचंही वर्णन आहे, ते बहुतेक जण अजिंठ्याचं मानतात. हे सगळे ‘संघाराम’ मूळ चिनीत छिये-लान असेच लिहिलेत. म्हणजे आपल्या लेण्यांच्या इतक्या जुन्या चिनी वर्णनात निळीच्या रोपट्याचं अक्षर पुन्हा पुन्हा येतं, निळीचा काडीचा संबंध नसताना. मी ते पान पहिल्यांदा चिनीत वाचलं तेव्हा त्या अक्षरावर बोट ठेवून कितीतरी वेळ बसून होते.

प्र. लान म्हणजे नेमकं कुठलं झाड? आपली नीळच का?

एक झाड नाही. निळा रंग देणारी जी जी वनस्पती चीनमध्ये सापडली तिला लान म्हटलं आणि पुढे ओळखीसाठी विशेषण लावलं. सोळाव्या शतकातल्या ली श-चनच्या औषधी वनस्पतींच्या ग्रंथात लान पाच प्रकारची सांगितलीय, आणि १६३७ च्या सुंग यिंगशिंगच्या कारागिरीवरच्या पुस्तकातही पाचच, पण दोघांच्या याद्या तंतोतंत जुळत नाहीत.

महत्त्वाच्या चार सांगते. ‘ल्याव-लान’ ही पाणथळ आवडणारी, गुलाबी तुऱ्यांची, जपानमध्येही हीच लावतात आणि जुन्या चिनी ग्रंथांतली लान बहुतेकदा ही असते. ‘सुंग-लान’ ही मोहरी-कोबीच्या कुळातली, पिवळ्या फुलांची, युरोपात निळ्या रंगासाठी जी वापरायचे तिची सख्खी बहीण. ‘मा-लान’ ही दक्षिणेकडच्या दमट डोंगरातली, ग्वेइचौ, युन्नान, तैवान आणि आपल्या ईशान्य भारतातसुद्धा. आणि ‘मू-लान’, म्हणजे लाकडी लान, ही आपली नीळ किंवा तिची अगदी जवळची, शेंगांची, झुडपासारखी.

मा-लानबद्दल एक सांगितल्याशिवाय राहवत नाही: ती आपल्या कारवीच्या जातकुळीतली आहे. सह्याद्रीत सात-आठ वर्षांनी डोंगरच्या डोंगर जांभळे करणारी ती कारवी, शास्त्रीय नावात दोघींचं पहिलं नाव एकच आहे. म्हणून कारवीची पानं आणून भिजवू नका मात्र, निळा रंग द्यायला पानात ठराविक द्रव्य लागतं.

प्र. पान तर हिरवं. निळा रंग येतो कुठून?

पानात निळा नसतोच, तिथे एक बिनरंगी द्रव्य असतं. पानं पाण्यात बुडवून ठेवली की दोनेक दिवसांत ते पाण्यात उतरतं, मग पानं काढून टाकायची, पाण्यात चुना घालायचा आणि ताकासारखं घुसळायचं. हवा लागली की निळा तयार होतो आणि तळाशी गाळ बसतो. सहाव्या शतकातल्या ‘ज्या स-श्ये’ नावाच्या लेखकाच्या शेतीच्या पुस्तकात हीच पद्धत दिलीय, चुन्याच्या मापासकट.

या गाळाला चिनीत वेगळा शब्द आहे, ‘द्येन’, आणि त्याचं अक्षर बघण्यासारखं आहे: डावीकडे छिंग हा रंग आणि उजवीकडे ‘स्थिर होणे’. खाली बसलेला निळा. आता इथेही उजवा तुकडा आवाजासाठी आलाय, पण या वेळी अर्थही इतका चपखल बसतो की निवडणाऱ्याच्या मनात दोन्ही असावं असं मला वाटतं. घुसळताना वर येणारा फेस वाळवून औषधात वापरायचे, भुवया काळ्या करायलाही.

गाळ पाण्यात विरघळत नाही म्हणून तो थेट कापडावर चढत नाही. त्यासाठी रांजण ‘जिवंत’ करावा लागतो, म्हणजे त्यातला प्राणवायू घालवायचा. मी निळीची पूड, चुना आणि गूळ घालून बादलीत करते. झाकण ठेवून कोमट जागी ठेवलं की पाणी वरून निळं-तांबूस चकाकतं आणि तो थर काडीने बाजूला सारला तर आत पिवळट हिरवं दिसतं. कापड बुडवून वर काढलं की ते चक्क पोपटी असतं. मग एक मिनिटाच्या आत, तुमच्या हातात, आधी घड्यांच्या कडांना आणि मग आतपर्यंत ते निळं होत जातं. पोपटी, मग शेवाळी, मग मोरपंखी, मग निळा. किती वेळा केलं तरी मी दर वेळी काम थांबवून बघत राहते.

महाराष्ट्रात हे काम करणारी जात होती, निराळी, नावच निळीवरून. आता नीळ म्हटलं की लोकांना पांढऱ्या कपड्यांना घालायची बाटली आठवते.

प्र. छिंग आणि लान, दोन्ही निळेच, मग फरक काय?

छिंगला मराठीत एक शब्द नाही. कोवळं गवत छिंग, डोंगर छिंग, आकाश छिंग, काळेभोर केससुद्धा छिंग. हिरव्यापासून निळ्यापर्यंत आणि तिथून काळ्यापर्यंतचा सगळा पट्टा त्यात येतो. लान हा त्या पट्ट्यातला एक तुकडा तोडून घेऊन नंतर स्वतंत्र झालेला रंग. थांग काळात (७ वं ते १० वं शतक) लान रंगाच्या अर्थाने बराच दिसायला लागतो.

मधल्या काळाचा एक छान पुरावा कवी बाय ज्यु-यी (७७२–८४६) याच्याकडे आहे. दक्षिणेची आठवण काढताना तो म्हणतो की वसंतात नदीचं पाणी लानसारखं हिरवं होतं. ‘निळ्यासारखं हिरवं’ असं वाचलं की आजचा विद्यार्थी गोंधळतो, पण लान म्हणजे हिरवंगार रोपटं धरलं की ओळ सरळ लागते.

प्र. ‘लानमधून निघालेला छिंग’ ही म्हण काय आहे?

शुन-चं (चमच्यातला च घ्या) हा इ.स.पू. तिसऱ्या शतकातला विचारवंत. शिक्षणावरच्या प्रकरणाच्या सुरुवातीलाच तो म्हणतो की छिंग रंग लानपासून काढतात पण तो लानपेक्षा जास्त छिंग असतो, आणि बर्फ पाण्याचाच होतो पण पाण्यापेक्षा थंड असतो. त्याचं म्हणणं असं की शिकल्याने माणूस मूळच्यापेक्षा वरचढ होतो. पुढे त्याची चार अक्षरी म्हण झाली आणि अर्थ थोडा सरकून ‘शिष्य गुरूच्या पुढे गेला’ असा झाला, आपण ‘बापसे बेटा सवाई’ म्हणतो तसा. जपानी आणि कोरियनमध्येही ती आहे, कोरियन रूपाच्या शेवटी तो ‘राम’ स्पष्ट ऐकू येतो.

इथे एक लक्षात घ्या. लान म्हणजे निळा असं धरून वाचलं तर ‘निळ्यापेक्षा निळा’ असं काहीतरी होतं आणि म्हणीचा जीवच जातो. शुन-चंच्या डोळ्यासमोर रंगकाम होतं: हातातलं पान साधं हिरवं, आणि त्यातून निघणारा रंग असा गर्द. मेहनतीने झालेला बदल आहे तो.

प्र. कोबीच्या आणि नवलकोलच्या चिनी नावात हेच अक्षर का आहे?

हो, आहे. कोबी ‘गान-लान’, म्हणजे गोड लान, नवलकोल ‘प्ये-लान’, आणि चायनीज हॉटेलात मिळणारी ती लांब देठांची गडद हिरवी भाजी ‘ज्ये-लान’. कोबी बाहेरून आली तेव्हा तिची रुंद, निळसर झाक असलेली पानं बघून जुन्या वनस्पतीग्रंथात तिला पश्चिमेकडची लान म्हटलं गेलं, पानं रुंद आणि खाण्याजोगी. सुंग-लान मोहरीच्या कुळातलीच असल्यामुळे हे साम्य खरंही आहे. त्याच सुंग-लानचं मूळ म्हणजे ‘बान-लान-गन’, सर्दीतापावरचं घराघरातलं चिनी औषध, २००३ मध्ये सार्सच्या साथीत त्यासाठी दुकानांत झुंबड उडाली होती.

प्र. लिहिताना हमखास कुठे चुकतं?

डोक्यावर. गवताच्या जागी बांबूचं चिन्ह ठेवलं की होते टोपली, उच्चारही तोच ‘लान’, सूरही तोच. बास्केटबॉलला चिनीत ‘टोपली-चेंडू’ म्हणतात आणि चिनी मुलंसुद्धा घाईत त्याचा ‘निळा चेंडू’ करतात. गवत म्हणजे एक सलग आडवी रेघ, बांबू म्हणजे शेजारी शेजारी दोन झुपके, एवढं बघा. दुसरी चूक म्हणजे पाच रेघांचं सोपं अक्षर जे खरं तर ऑर्किडचं आहे ते निळ्यासाठी लिहिणं, आडनावांतही हा गोंधळ झालेला आहे. (हो, लान हे आडनावही आहे, दक्षिण चीनमधल्या शे लोकांत विशेष.)

प्र. माझ्या मुलीचं नाव नीला आहे, तिच्यासाठी हे अक्षर चालेल?

अर्थाने सुंदर आहे, पण आवाजाने ‘नीला’ लिहायचं असेल तर दोन वेगळी अक्षरं लागतील. दोन्ही कामं एकच अक्षर करणार नाही.

प्र. चीनमध्ये अजून झाडापासून नीळ करतात का?

करतात. जर्मनीत १८९७ मध्ये कारखान्यातली नीळ विकायला आली आणि ती चीनमध्येही ‘परदेशी द्येन’ म्हणून पसरली, त्याने शेतं उठली, जशी आपल्याकडे उठली. पण युन्नानमध्ये दालीजवळच्या चौछंग गावात बाय समाजाच्या बायका कापड शिवून-बांधून रंगवतात, ग्वेइचौत म्याव बायका मेणाने नक्षी काढून रंगवतात, आणि शांघायजवळच्या नानथुंगला कागदी साच्यातून सोयाबीनचं पीठ आणि चुना यांचा लगदा कापडावर लावून मग नीळ चढवतात, वाळल्यावर लगदा खरवडला की खाली पांढरी फुलं उमटतात. या तिन्ही कला २००६ मध्ये चीनच्या राष्ट्रीय वारसायादीत आल्या.

प्र. हे अक्षर सगळ्यात आधी कुठे वाचायला मिळतं?

जुन्या ग्रंथांत बऱ्याच ठिकाणी, आणि सगळीकडे झाड म्हणून. महिन्यामहिन्याचे नियम सांगणाऱ्या ग्रंथात भर उन्हाळ्याच्या महिन्यात हुकूम आहे की लोकांनी रंगासाठी लान कापू नये. चौ राजवटीच्या अधिकाऱ्यांच्या यादीत वसंतात आणि शरदात रंगाची झाडं गोळा करणारा एक खास अधिकारी आहे.

पण माझी आवडती जागा म्हणजे चीनचा सगळ्यात जुना काव्यसंग्रह, अडीच हजार वर्षांहून जुना. त्यातल्या एका गाण्यात एक बाई सकाळपासून लान खुडतेय आणि तिचा ओचा काही भरत नाही. नवरा पाच दिवसांत येतो म्हणाला होता, आज सहावा. लक्ष पानांवर नाहीच तिचं. पुढे ती म्हणते की तो शिकारीला गेला तर मी त्याचं धनुष्य पिशवीत घालून देईन, मासे धरायला गेला तर दोरी वळून देईन. रंगाचं त्या गाण्यात नाव नाही, कापडाचं नाही, लान म्हणजे फक्त ओच्यातली ती चार पानं.